दारू न पिणाऱ्याचं लिव्हर

आमच्या झरी गावात दारूबंदीचं पत्रक मी लिहिलं होतं. ‘लिव्हर सडतं ते दारूनंच!’ हे वाक्य माझं. गल्लोगल्ली वाटलं, भिंतींवर रंगवलं. अर्धंच खरं होतं, पण घोषणा म्हणून दणदणीत होतं.

माझे वडील, आमचे दादा, शाळेत मास्तर. आयुष्यात थेंबाला शिवले नाहीत. शुगर मात्र जुनी. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत त्यांना ताप आला, धाप लागली, म्हणून परभणीच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “शुगरशिवाय आणखी काही?”

मी ठणकावून सांगितलं, “काही नाही.”

दादांनी मास्क बाजूला केला. “हाय. फॅटी लिव्हर हाय. मुतखड्यासाठी सोनोग्राफी केली तवाच निघालं.”

“मग सांगितलं का न्हाई?” मी ओरडलेच.

“लोक काय म्हणले असते? पोरगी भिंती रंगवायलीय अन् बाप चोरून प्यायलाय!”

राग कुणावर काढायचा? एरवी मला सरकार सापडतं. या वेळी वाक्यच माझं होतं.

“ताई, दारूचा इथं संबंधच नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “शुगरवाल्या कितीतरी जणांच्या लिव्हरवर चरबी असते. दुखत नाही, म्हणून कळत नाही. अशांना कोरोना जास्त जड जाऊ शकतो. बोललात ते बरं केलंत, सर. आता रक्त वरचेवर तपासू.”

मग मी दादांच्या खाटेपाशी बसून राहायची. वाचतील का, याच्यापुढं डोकं चालायचं नाही. नुसती त्यांच्या पोटावरची चादर वरखाली होताना बघायची. तिच्याखाली, उजव्या बरगडीच्या आत, तो अवयव साखर सांभाळत होता, औषधं पचवत होता, तेही आधीच चरबीनं लदलेला असताना. इतक्या वर्षांत एकदाही कण्हला नव्हता. मोर्चातली हजारो माणसं बघून माझ्या अंगावर काटा आलेला आहे. पण असा नाही.

एका सकाळी ऑक्सिजनचा मास्क काढूनही रक्तातला ऑक्सिजन टिकला. दादा पहिलं वाक्य बोलले ते असं, “डाळीत मीठ न्हाई.” मी हसत हसत रडले.

वजन उतरवलं तर ही चरबी मागं हटू शकते, हे डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तेव्हा तर मी थक्कच झाले. इतका छळ सोसून पुन्हा सुधारायला तयार!

घरी आल्यावर, अंगात थोडी ताकद येताच, दादा चौकातल्या लिंबाखाली उभे राहिले. बरगडीखाली हात ठेवून म्हणाले, “इथं चरबी हाय. दारू पीत न्हाई, तरी हाय. शुगर असल त्यानं डॉक्टरला विचारून तपासून घ्यावं.”

कुणीच हसलं नाही. चार-आठ दिवसांनी शेजारची काकू तपासणी करून आली. दारातूनच तिनं हाक मारली, “मास्तर, आमचे मालक रोजचे पिणारे, तर त्यांनी यायचंच टाळलं. अन् चहाशिवाय काय न पिणारी मी, मलाच निघाली बघा चरबी! चला, उद्यापासून फिरायला संगंच जाऊ.”