हातोडीवरची चिंधी

माझे मामा घड्याळजी. दुरुस्त झालेलं घड्याळ ते लगेच परत देत नाहीत, आठ दिवस भिंतीवर टांगून नजरेखाली ठेवतात. गिऱ्हाईक कितीही कावलेलं असू दे, मामांचं उत्तर ठरलेलं. "चालतंय हे दिसतंय हो, पण चालत राहतंय का ते बघू." त्यामुळे दुकानात कायम तीसेक घड्याळं चालू, आणि त्यातली दोन एका वेळी वाजतील तर शपथ! तीन वाजायला लागले की चांगली सहा-सात मिनिटं तीनच वाजत राहतात. लहानपणी मी तिथल्या बाकावर झोपायचे. जाग आली की किती वाजलेत ते कळायचं नाही, आणि कळून घ्यावंसंही वाटायचं नाही.

मामीही दुपारची तिथेच लवंडायची. मग लेकीच्या आजारपणात ती परदेशी गेली, तिथे पाय घसरून खुबा मोडला आणि डॉक्टरांनी तिचा विमानप्रवास कायमचा बंद केला. मामांना तिकडे राहायचा परवाना मिळेना. तेव्हापासून कामाच्या टेबलावर टॅब्लेट उभा. इकडे दुपारचे तीन म्हणजे तिकडे तिची निजायची वेळ. मामा चाकांना तेल देतात, मामी उशीला टेकून ऐकते. बोलणं फारसं नाहीच. घड्याळं वाजायला लागली की तिचे डोळे मिटतात. मामा एकदा मान वर करून बघतात आणि परत डोळ्याला भिंग लावतात. त्यांचा संसार एवढाच उरला होता.

त्यात खोडा घातला तो मीच. म्हटलं, "मामा, दुकानात कॅमेरा लावू, लोक आपापलं घड्याळ इंटरनेटवर घरबसल्या बघतील." लावला. आठव्या दिवशी नोटीस! एक सुरेल घड्याळ होतं, दर तासाला छोटीशी धून वाजवणारं. ती धून म्हणे कुठल्याशा गाण्याच्या कंपनीच्या मालकीची. अहो, घड्याळ शंभर वर्षांचं, कंपनी कालची पोर! पण नव्या कायद्याला त्याचं काय? तीन नोटिसा झाल्या की घराचं-दुकानाचं इंटरनेट वर्षभर बंद. विचारपूस नाही, सुनावणी नाही, नोटीस यंत्रच धाडतं. आम्ही कॅमेरा काढून टाकला, तर साठवलेल्या जुन्या चित्रणावरून दुसरी नोटीस आली.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेले आणि दारातच थबकले. तीन वाजून गेले होते आणि दुकान गप्प. मामांनी प्रत्येक घड्याळाच्या ठोके देणाऱ्या हातोडीला फ्लॅनेलची चिंधी बांधली होती. हातोड्या उठत होत्या, पडत होत्या, आवाज नाही.

"मामा, तुमचं दोघांचं बोलणं कुणी ऐकत नाही हो."

"पहिल्या वेळी तरी कुठे माणसानं ऐकलं होतं?"

पडद्यावर मामी टक्क जागी होती. "झोप येत नाही गं," एवढंच म्हणाली. मला माझीच लाज वाटली.

मग या कायद्यावरच्या हरकती ऐकायला सरकारी समिती आली, तेव्हा मीच मामांचं नाव दिलं. सभागृहात मामा ते सुरेल घड्याळ मांडीवर घेऊन बसले, झोपलेलं मूल सांभाळावं तसं. सुनावणी इंटरनेटवर दाखवत होते. तिकडून मामीही बघत होती. मामांचा पुकारा झाला. भाषण वगैरे त्यांना कुठलं जमायला! त्यांनी हातोडीवरची चिंधी सोडली आणि काटा हळूच बारावर नेला.

धून वाजली. पंख्याखाली पेंगुळलेले सगळे ऐकत राहिले. समितीच्या अध्यक्षबाईंनी चक्क हनुवटीखाली हात घेतला. एवढ्यात कारकून धावत आला. "बाई, आपलं प्रक्षेपण बंद पडलं. धुनीवरून नोटीस आलीय. आपल्याला."

"कुणी बंद केलं?"

"कुणी नाही, आपोआप झालं."

मामा शांतपणे म्हणाले, "मलाही हेच उत्तर मिळालं होतं. तुमची ही पहिली आहे बाई, माझ्या दोन झाल्यात. तिसरी आली तर माझी बायको मला दिसायची बंद होईल."

अध्यक्षबाईंनी हनुवटीखालचा हात काढला आणि पेन उचललं.

कायदा काही त्या दिवशी रद्द झाला नाही. पण माणसानं ऐकून खातरी केल्याशिवाय कुणाची लाइन तोडायची नाही, असा हुकूम संध्याकाळी निघाला.

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर मामा शिडीवर चढले. एकेक चिंधी सोडून माझ्या ओंजळीत टाकत होते.

"अहो, काल मध्येच सगळं काळं झालं," पडद्यावरून मामी तक्रार करत होती. "पुढे काय झालं ते सांगाल की नाही?"

"सांगतो, सांगतो. आधी तीन वाजू देत."

तीन वाजले. मग परत वाजले, आणि परत. सगळ्यात शेवटचं घड्याळ थांबल्यावर मामा शिडीवरूनच सांगायला लागले. मी त्यांना हातानं गप्प केलं. मामी झोपली होती.