ताण्याची दुसरी बाजू

घोंगडी विणायला एक माणूस पुरतं, पण ताण्याला खळ लावायला दोन लागतात. गल्लीभर पसरलेल्या उभ्या धाग्यांच्या एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला दुसरं. दोघांच्या हातात कुंचा, आन् चिंचोक्याची खळ वाळायच्या आत दोघांनी बरोबरीनं पुढं सरकायचं. आम्हा नवराबायकोचा अख्खा संसार असाच समोरासमोर उभं राहून झाला. मी जरा रेंगाळलो की ती म्हणायची, "झोपला का काय? धागं चिकटत्यात तिकडं."

ती गेली तवा तिनं कातलेलं काळं सूत घरात राहिलं, एका घोंगडीपुरतं. तेवढं झकास विणायचं, मग माग मोडला तरी चालंल, असं मी मनाशी धरलं होतं.

पूर्वी गल्लीत घरोघर माग होते. ब्लँकेटं स्वस्त झाली आन् लोकांनी माग काढून खोल्या बांधल्या, कंपनीतल्या पोरांना भाड्यानं. माझा पोरगा शिक्रापूरला कंपनीतच. सुट्टीला येतो म्हणाला, पण ओव्हरटाइम लागला. कुणाकुणाची वाट बघायची? भाडेकरू पोरांच्या गाड्या शिफ्टला गेल्या तसा मी एकट्यानंच ताणा पसरला. हिकडून कुंचा फिरवायचा, वळसा घालून तिकडं जायचं. तिकडं पोचेस्तोवर हिकडची खळ सुकलेली. ऊन का थांबतंय माझ्यासाठी? धागे एकमेकांना धरून बसले, सोडवताना तुटले, जागोजाग गाठी मारल्या. भर गल्लीत रडू आलं मला. रागबी आला, तिचाच. अशी अर्ध्यात सोडून जाते का कुणी?

विणली तरी. वीण कुठं घट्ट, कुठं सैल. तिनं असली घोंगडी दारात ठेवू दिली नसती.

पुण्याच्या एक बाई आल्या, हातमागाच्या वस्तू हौसेनं घेणाऱ्या. बोलायला फार चांगल्या. मी आधीच सांगितलं, "ताई, ही बिघडलीय. खळ नीट बसली न्हाई."

त्यांनी गाठींवरून हात फिरवला. "असू द्या हो मामा. त्यामुळंच तर हातानं केलेली वाटते."

मी सैल वीण दाखवली, तुटका धागा दाखवला. जे दाखवावं ते त्यांना आवडत गेलं. शेवटी मी घडी घालून दिली.

त्यांची गाडी हायवेला लागली. वाईट कामाला तोंडावर वाईट म्हणणारं माणूस आता माझ्याकडं कुणी न्हाई. मग दारात बसून मीच त्या घोंगडीला नावं ठेवत राहिलो.