शेंडा कुठवर येईल

मंदा गेल्याचा फोन तिच्या सुनेनं केला, तेव्हा मी शेवग्याच्या शेंगा मोडत होते. उरलेल्या तशाच राहिल्या... आदल्याच आठवड्यात तिच्या अंगणात बसून आम्ही दोघी एकमेकींच्या गुडघ्यांना हसलो होतो.

मुळशीत आम्ही एकाच शाळेत शिकवायचो; मी मराठी, ती गणित. मोठं झाड दिसलं की पर्समधला शिंप्याचा टेप काढून मंदा तो छातीच्या उंचीवर बुंध्याला गुंडाळायची. लोक हसायचे, आणि तीही हसायची.

१९९९च्या उन्हाळ्यात शाळेशेजारचे बबनराव अंगणातला आंबा तोडायला निघाले. झाड म्हातारं, घराकडे झुकलेलं. "वादळात घरावर पडंल," एवढंच ते म्हणत. सासूनं लावलेलं झाड म्हणून त्यांच्या बायकोनं, पारूवहिनींनी, जेवण सोडलं होतं.

"आधी मोजू तरी," मंदा म्हणाली. तिनं हात लांब करून एक काठी उभी धरली. डोळ्यापासून मुठीपर्यंत जेवढं अंतर, तेवढीच काठी मुठीच्या वर. एक डोळा मिटून ती सपाट अंगणात घराच्या दिशेनं मागंमागं सरकत गेली, बुंध्यापासून शेंड्यापर्यंत झाड बरोबर काठीएवढं दिसेपर्यंत. थांबली ती थेट गोठ्यात, म्हशीशेजारी, शेणात पाय.

"बबनराव, मी उभी आहे ना, इथवर येईल शेंडा. घर माझ्या मागं आहे."

"आन् गोठा?"

"गोठा हलवा."

बबनरावांनी हातातली कुऱ्हाड खाली ठेवली. मग म्हणाले, "तुमच्या शब्दावर ठेवतोय, बाई. पडलं तर तुमालाच बोलवीन."

गोठा परसात गेला. पण जोराचा वारा सुटला की मंदाचा जीव थाऱ्यावर नसे. दर उन्हाळ्यात ती काठी घेऊन जायची आणि पुन्हा मोजायची. "शब्द दिलाय गं," म्हणायची.

ती गेल्यावर महिन्याभरात वळवाच्या वादळात आंबा पडला. बबनरावांचा फोन आला. "बाईंना बोलवायचं ठरलं हुतं... आता तुमी या."

गेले. कुणाला काही लागलं नव्हतं. शेंडा जुन्या गोठ्याच्या जागेत आडवा झाला होता, घराच्या ओट्याच्या बराच अलीकडे. बबनराव पानं बाजूला सारून तिथं उकिडवे बसले. "हितंच हुब्या हुत्या," म्हणाले, आणि उपरण्यानं तोंड पुसत राहिले.

पारूवहिनी कैऱ्या वेचत होत्या. भरलेली पिशवी त्यांनी माझ्या हातात दिली.

"बाईंच्या सुनंला द्या. लोणचं घाल म्हनावं. सासूच्या झाडाचं हाय."

कुणाच्या सासूच्या, ते मी विचारलं नाही.