डावा-उजवा

फोनवर व्हिडिओ कॉलवरून लाकडावरचं कोरीवकाम शिकवताना आज एका मुलीनं पटाशी डाव्या हातात धरलेली दिसली.

गेल्या वर्षी अशाच वर्गात सई नावाच्या मुलीनंही तशीच धरली होती. मी सगळ्यांसमोर ओरडलो, "अगं, उजव्या हातात! लक्ष कुठंय?"

"सर, तुमचं बघूनच धरलीय."

गडबडीत हात बदलताना पटाशी तिच्या बोटात घुसली. तिच्या आईला मी सांगितलं, पोरीचं लक्ष नव्हतं.

समोरच्याचा उजवा हात बघणाऱ्याच्या डावीकडे येतो, हे मला त्याच संध्याकाळी उमगलं होतं. तरी गप्प राहिलो. सईनं शिकणं सोडलं. माझ्यावर विश्वास ठेवल्याची शिक्षा तिला झाली.

"पटाशा खाली ठेवा," आज मी म्हणालो. "चूक माझी आहे."

मग फोन माझ्या खांद्यामागे उंचावर लावला आणि मुलांकडे पाठ करून बसलो. आता माझे हात त्यांच्या हातांसारखेच दिसत होते. चेहरा दिसत नव्हता, तेही बरंच झालं.