हिरामावशी टेस्टमध्ये पास होतात

चूक माझी होती आणि ती मी हिरामावशींच्या माथी मारली. तीही भरलेल्या वेटिंग रूममध्ये.

मी ऑडिऑलॉजिस्ट. ठाण्यात बसतो. ऑपरेशन करून कानात इम्प्लांट बसवलं की काम संपत नाही. कानामागच्या मशीनने किती आवाज आत सोडायचा, ते कॉम्प्युटरवर ठरवावं लागतं. याला मॅपिंग म्हणतात. मी माऊस क्लिक करून बीप सोडतो. ऐकू आला की पेशंटने हात वर करायचा.

हिरामावशी कळव्याच्या बाजारात मासे विकतात. पाठमोऱ्या असल्या की गिऱ्हाईक हाका मारून पुढे निघून जाई. मशीन चाललं नाही तर बाजारातली जागा सुनेला द्यायची, असं घरात ठरलेलं.

मॅपिंगच्या दिवशी मावशींनी प्रत्येक बीपला हात वर केला. अगदी बारीकलासुद्धा. मी बोललेले शब्दही घडाघडा परत म्हणाल्या. मी स्टाफला पेढे वाटले.

पंधरा दिवसांनी सून त्यांना घेऊन आली. मशीन डबीत.

"काय पन आयकू येत नाय," मावशी म्हणाल्या.

मी सगळ्यांदेखत सुनावलं, "डबीत ठेवल्यावर कसं येईल? प्रॅक्टिस नको करायला?"

सून खूश.

दोघींना आत घेऊन मी मावशींची फाइल उघडायला माऊस क्लिक केला. मावशींचा हात वर! मशीन अजून डबीतच होतं.

"मावशी, काय ऐकलंत?"

"तुझा बोट हालला ना."

"आणि मागच्या वेळचे ते शब्द?"

"तोंड बगून वलखते मी. गिऱ्हाइकाचापन तसाच वलखते."

"अहो, मग ऐकू येत नाही म्हणायचं ना!"

"तू टेस्ट बोल्लास. मी कशाला नापास होऊ?"

हात आणि तोंड पेशंटला दिसू द्यायचं नाही, हे मी स्वतः ट्रेनी मुलांना शिकवतो. मावशींच्या त्या हात वर करण्यावर भरवसा ठेवून मी आवाज इतका कमी लावला होता, की मशीन असून नसल्यासारखं.

मशीन त्यांच्या कानामागे लावलं आणि माऊस फाइलीआड ठेवून सगळं पुन्हा केलं. तास गेला. मग त्यांच्या पाठीमागे जाऊन हाक मारली, "मावशी!"

त्या गर्रकन वळल्या. "वरडतोस कशाला? आन डब्यात बसल्यावानी काय बोलतोस?"

सुरुवातीला सगळ्यांना तसंच ऐकू येतं. सुनेचा चेहरा उतरला.

"उद्या बाजारात मीच बसनार," मावशींनी तिला सांगून टाकलं.

"मावशी, चूक माझी होती. तुम्हाला बोललो, माफ करा."

"मना आयकू आला. भायेरच्यांना नाय आला."

मी दार उघडून वेटिंग रूममध्ये तेच मोठ्याने म्हणालो. आमच्याकडे बसलेल्या निम्म्यांना कमी ऐकू येतं. तिघांना जवळ जाऊन पुन्हा सांगावं लागलं.