झुलाल पाणाड्याचं मनगट

चोपडा तालुक्यातल्या एका गावात बोअर घ्यायची तर आधी झुलालला बोलवायचं, ही तीस वर्षांची रीत. तळहातावर नारळ आडवा ठेवून तो वावरभर अनवाणी फिरायचा, आणि नारळ शेंडी वर करून उभा राहिला की तिथे चुना टाकायचा. पाणी लागलं की त्याच्या घरी पेढे यायचे. नाही लागलं तर त्याचं नाव कुणी काढत नसे.

म्हणून भाचा भूषण सुरतेहून गुप्तधन शोधणारा माणूस घेऊन आला, तेव्हा झुलालच्या मनात पाल चुकचुकली. माणूस टापटीप, बोलणं गुळचट. हातात पिस्तुलासारखी मूठ आणि तिच्या पुढे गरगर फिरणारी पितळी काडी. म्हणे अर्ध्या कोसावर पुरलेलं सोनं ही काडी हुडकते. काडी फिरत फिरत थांबली ती भूषणच्या आईच्या, म्हणजे झुलालच्या विधवा बहिणीच्या, शेवंताबाईच्या, केळीबागेकडे तोंड करून. बाग पंधरा दिवसांत कापणीला येणार होती. शेवंताबाईचं वर्ष त्या बागेवरच होतं, आणि भूषणने उद्या जेसीबी घालून ती मधोमध उकरायची ठरवूनही टाकली.

सगळे काडीकडे बघत होते, झुलाल मनगटाकडे. चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक. काडी वळायच्या आधी मूठ तीळभर कलते, हे त्याने तीनदा पाहिलं. नारळाचंही तसंच होतं. सुरुवातीला त्याला स्वतःलाही ते खरं वाटायचं, पुढे कळलं, पण तोवर मान मिळू लागला होता आणि तो सोडवेना. त्याला त्या माणसाची चीड आली, त्याहून जास्त स्वतःची.

त्याने परीक्षा लावली. अंगणात पाच टोपल्या पालथ्या घातल्या आणि बहिणीची सोन्याची पोत एकीखाली लपवली. सुरतेचे साहेब हसले. उघड्यावरचं सोनं मशीनला कळत नाही, शंभर वर्षं जमिनीत मुरलेलंच लागतं, म्हणाले. भूषणने मान डोलावली, शेवंताबाईनेही. असली उत्तरं झुलालला तोंडपाठ होती. कुणी चपला घालून जवळ आलं, मालकाच्या मनात शंका होती, असं काहीबाही पाणी न लागल्यावर तोही सांगत आला होता.

आता एकच उपाय उरला, आणि तो त्याच्याच गळ्याशी येणारा होता. देवघरातला नारळ उचलून तो सगळ्यांना गच्चीवर घेऊन गेला. स्लॅबवर चार पावलं टाकली. नारळ उभा राहिला.

"आठे कोठे पानी शे, अक्का? मन्हा हातच नारयले उठाडस. याना हातबी तसाच काडीले फिरावस."

साहेबांनी काडी पेटीत घातली. जेसीबीवाल्याला भूषणनेच नको म्हणून फोन केला. बाग वाचली. शेवंताबाई मात्र भावाच्या हाताकडे बघत तशीच उभी होती.

"मंग मन्हा वावरमा दोन बोअर दखाड्यात, त्याबी तुन्हा हातनीच?"

झुलालने खाली मान घालून हो म्हटलं. त्या दोन्ही बोअरमधून नुसता फुफाटा निघाला होता, आणि आपलंच नशीब फुटकं, भावाचा हात कधी चुकत नाही, असं ती तेव्हापासून गावभर सांगत आली होती.