चुलत्याची तक्रार

नोकरीतली कितीतरी प्रकरणं विसरलो, पण ती एक तक्रार अजून शब्दनशब्द आठवते. पोलीस खात्यातून प्रतिनियुक्तीवर मी जेद्दाला, आपल्या वाणिज्य दूतावासाच्या कचेरीत होतो. तिथे वर्दी नाही, कोठडी नाही. भारतीयांविरुद्ध कोणी तक्रार आणली तर दोन्ही बाजूंचे जबाब घ्यायचे आणि वरिष्ठांना अहवाल द्यायचा. ठाण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला हे काम जरा मिळमिळीतच वाटायचं.

एका सकाळी लाल समुद्रापलीकडच्या देशाचा एक टापटीप गृहस्थ आला. जेद्दाच्या अल अझीझिया भागात बरीच वर्षं कापड विकल्यामुळे हिंदी चांगली बोलायचा. त्याच्या मयत भावाची सात वर्षांची मुलगी एका भारतीय नर्सने घरात लपवून ठेवली आहे, असं त्याचं म्हणणं. इथल्या पोलिसांकडे का गेला नाहीत, विचारलं तर घसा खाकरायला लागला. त्याचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, संपलेला होता. कुठेतरी पाणी मुरतंय, हे तेव्हाच कळलं.

मी नर्सला बोलावून घेतलं. रत्नागिरीकडची, खाजगी इस्पितळात कामाला. मुलीचा हात घट्ट धरून आली.

"ही कोण?"

"भाची माझी."

सरळ माणूस खोटं बोलला की पकडायला फार अक्कल लागत नाही. बाईची नजर लगेच जमिनीला लागली. तेवढ्यात ती मुलगी चक्क मराठीत म्हणाली, "मावशी, चल ना घरी." मला हसू आलं आणि नर्सला रडू फुटलं.

"साहेब, भाची नाय ती. पण परत देणार नाय. काय करायचं ते करा."

मग तिने सगळं सांगितलं. मुलीची आई त्याच इस्पितळात आया होती, आणि मुलगी लहानपणापासून नर्सच्या अंगाखांद्यावर वाढल्याने मराठी शिकली होती. सुट्टीत मुलीला गावी नेऊन तिचा खतना करायचं चुलत्याने ठरवलं होतं, म्हणून आईनेच तिला नर्सकडे ठेवलं होतं.

"पोरीच्या नाजूक जागेचा भाग कापून टाकतात, साहेब. आम्ही पण मुसलमानच, पण आमच्यात असलं काय नाय. हिच्या आईच्या बाळंतपणाला मी होते. त्या बाईचे हाल मी बघितलेत."

आईने एका थंड देशाकडे आश्रय मागितला होता. तो नाकारला गेला. तुमच्यावर झालं ते मान्य, पण या मुलीवर होणारच याला पुरावा काय, असं उत्तर आलं. अपील बाकी होतं. आईचा इस्पितळातला करार संपत आला होता, आणि तो संपला की मायलेकींना त्याच गावी परतावं लागणार होतं.

न घडलेल्या गुन्ह्याचा पुरावा आणायचा कुठून? खरं सांगतो, त्या देशाच्या अधिकाऱ्याच्या जागी मीही हेच विचारलं असतं. पण समोरची मुलगी माझ्या टेबलावरच्या खजुराच्या बिया ओळीत मांडत बसली होती.

मग मी माझी जुनी पद्धत वापरली. फिर्यादीला पुन्हा बोलावलं, चहा दिला आणि म्हटलं, "मुलगी तुम्हालाच का हवी, ते सविस्तर सांगा. मोघम तक्रार पुढे जात नाही."

गृहस्थ खुलला. घरातलं लग्नकार्य सांगावं तसं सांगू लागला. दाई ठरली आहे. जेवणासाठी बकरे सांगून ठेवलेत. तिच्या बरोबरीच्या सगळ्या मुलींचं उरकलं, हीच राहिली. आई नको म्हणते, पण ती कोण ठरवणार? मी शब्दनशब्द लिहून घेतला आणि वाचून दाखवला. त्याने उलट मलाच दुरुस्ती सुचवली.

"दाई माझी सख्खी आत्या आहे, तेही लिहा."

तेही लिहिलं. त्याने झोकात सही केली.

मी नामचीन गुन्हेगारांकडून कबुलीजबाब काढलेत, पण इतक्या आनंदाने दिलेला हा पहिलाच. त्याच्या लेखी तो गुन्हा नव्हताच, म्हणून त्याने काही लपवलं नाही.

मुलीला आपणच नर्सकडे ठेवलं, असा जबाब आईने दिला आणि तक्रार निकाली निघाली. वरिष्ठांची परवानगी घेऊन चुलत्याच्या जबाबाची नक्कल मी आईला दिली. ती अपिलाला जोडली गेली. धोका खरा आहे हे आता घरचाच माणूस सही करून सांगत होता. आश्रय मंजूर झाला, तेव्हा नर्सने सगळ्या कचेरीला शिरखुर्मा खाऊ घातला.

गुन्हा घडल्याशिवाय पोलिसाला काम नसतं, असं मी उभी नोकरी समजत आलो. पण आश्रय द्यायचा तो आधी द्यावा लागतो. त्या मुलीवर ते घडून गेलं असतं तर पुरावा भक्कम झाला असता, आणि वाचवायचं काही उरलं नसतं.

या प्रकरणात अटक नाही, जप्ती नाही, पंचनामाही नाही. गेल्या ईदला नर्सने व्हिडिओ कॉल जोडून दिला. मुलगी बर्फात धावत होती. धाडकन पडली, आणि "मावशी, बघितलंस?" म्हणत खो खो हसत उठली.